वर्षभर परदेशात राहून नागपूरला आलोय: रोजच्या जगण्यातले फरक

खामल्याची

नमस्कार मंडळी. मागच्या सप्टेंबरात आम्ही तिघं नागपूरहून जर्मनीला, श्टुटगार्टला राहायला गेलो. नवऱ्याची नोकरी तिकडे, मुलगा पहिलीत. तिथली उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, म्हणून सध्या खामल्याला आईकडे आले आहे. भेटेल तो विचारतो, "कसं आहे गं तिकडे?" आणि मी "थंडी खूप" एवढंच म्हणून मोकळी होते. खरं उत्तर तेवढ्यात मावत नाही. रात्री सगळे झोपले की बसून लिहिते आहे.

थंडी, भाषा, खर्च, हे सगळं जाण्याआधीच ऐकलेलं होतं. दमवलं ते बारक्या गोष्टींनी. भाड्याचं घर मिळालं, त्यात स्वयंपाकाची खोली होती पण ओटा नव्हता, सिंक नव्हतं, भिंतीतून आलेले नुसते पाइप. तिकडे बरेच भाडेकरू ओटा-कपाटं स्वतःची बसवतात आणि जाताना सोबत नेतात, नाहीतर पुढच्याला विकतात. आमचा ओटा येईपर्यंत मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले आणि एका इंडक्शन शेगडीवर अकरा दिवस खिचडी केली. पाण्याच्या सहा बाटल्या उचलून आणल्या तर सहाही सोड्याच्या निघाल्या. नळाचं पाणी सरळ पितात हे नंतर कळलं. त्या बाटल्यांवर प्रत्येकी २५ सेंट अनामत घेतलेली असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. त्याला 'फांड' म्हणतात. आपल्याकडे सोड्याची बाटली परत दिल्यावर पैसे मिळायचे ना, तेच. माझ्या बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

कणकेचा घोळ दोन महिने चालला. तिथे गव्हाच्या पिठाला नंबर असतात: ४०५, ५५०, १०५०. पीठ जाळल्यावर किती राख उरते त्यावरून हा नंबर ठरतो, म्हणजे नंबर जितका मोठा तितका कोंडा जास्त. मी ४०५ आणलं, तो आपला मैदा. पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. मग ५५० आणि १०५० अर्धं अर्धं मिसळून बरी पोळी जमायला लागली. आता भारतीय दुकानातून दहा किलोची पोती आणतो, पण निकड पडली तर हे मिश्रण चालतं, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

पण मला सांगायचं आहे ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल.

जाऊन तीन आठवडे झाले होते. रविवारी दुपारी वरणभाताचा कुकर लावला. दुसऱ्या दिवशी पत्रपेटीत चिठ्ठी. हाताने लिहिलेली, सुबक अक्षर, खाली सही. माझ्या पोटात गोळाच आला. रविवारी तिकडे आवाज करायचा नसतो, दुकानंही बंद, ड्रिल नाही, काच फुटल्याचा आवाज होतो म्हणून बाटल्या टाकायच्या पेटीकडेही जायचं नाही, हे नुकतंच कळलं होतं. वाटलं, पहिलीच तक्रार आली. फोनवर भाषांतर करून वाचलं. लिहिलं होतं की तुमच्याकडून तीनदा शिट्टीसारखा आवाज आला, गरम पाण्याचा बॉयलर बिघडला असेल तर अमक्या माणसाला फोन करा, तो चांगला आहे. खाली त्याचा नंबर.

मी खाली गेले, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये 'कुकर' समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, बघायला आवडेल, गुरुवारी साडेतीनला येऊ का? गुरुवारी घड्याळात साडेतीन वाजले आणि बेल वाजली. हातात आलुबुखाराचा केक. दारात चपला काढल्या. (हो, चपला काढतात. मुलांना शाळेतसुद्धा घरातले जोडे वेगळे ठेवावे लागतात. इतकी वर्षं मला वाटायचं ते फक्त आपलंच.) मग आम्ही दोघी कुकरसमोर खुर्च्या टाकून बसलो. पहिल्या शिट्टीला त्या दचकल्या, दुसरीला हसल्या, तिसरीला बोट वर करून 'द्राय' म्हणाल्या. वरणभात, त्यावर तूप, लिंबाची फोड. त्यांनी ताट पुसून खाल्लं. साडेपाचला उठल्या आणि गेल्या. पुढे कधीही न विचारता वर आल्या नाहीत.

त्यांनीच मला 'केअरवोखे' शिकवली. श्टुटगार्टच्या त्या भागात ही फार जुनी रीत, पंधराव्या शतकापासूनची सांगतात. इमारतीतलं एकेक घर आठवडाभर जिना झाडतं, पुसतं. बाहेरचा फूटपाथ, अंगण, कचऱ्याच्या पेट्या यांची पाळी वेगळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी अडकवलेली असते, झाडून झालं की ती पुढच्याच्या दाराला लावायची. 'केअरन' म्हणजे झाडणं. आपल्याकडेही 'केर' काढतातच! मी लहानपणापासून आईला पहाटे अंगणात खराटा फिरवून सडा टाकताना पाहिलं आहे, त्यामुळे त्या पाटीचं मला कधी ओझं झालं नाही. त्या इमारतीत पहिल्यांदा काही ओळखीचं सापडलं ते हेच.

जानेवारीत नवरा आठवडाभर बाहेरगावी होता. मुलाला ताप, ३९.६. रात्री ११६११७ ला फोन केला, तो तिथला डॉक्टरांचा रात्रीचा नंबर. त्याला काय काय होतंय ते त्यांनी विचारलं, भरपूर पाणी, चहा, विश्रांती, असं सांगितलं. रात्रभर मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. पहाटे खिडकीतून पाहते तर बर्फ. आणि बाहेरच्या पाळीची पाटी आमच्या दारावर. पाळी आमची म्हणजे फूटपाथवरचा बर्फ सकाळी सातच्या आत आम्हीच काढायचा, कोणी घसरून पडलं तर जबाबदारीही आमची. मुलाला एकटं सोडून खाली कशी जाऊ? साडेसहाला कसाबसा त्याचा डोळा लागला, मी कोट चढवून धावत उतरले. फूटपाथ साफ. दारापासून कोपऱ्यापर्यंत बर्फ बाजूला लोटलेला, वर बारीक खडी पसरलेली. खालच्या आजींच्या दाराशी ओला फावडा उभा. वय ७८.

वर आले तर पाटी आमच्याच दारावर. म्हणजे काम त्यांनी केलं आणि पाळी आमच्या नावावर राहू दिली. बेल वाजवली नाही, कारण आदल्या दिवशी जिन्यात मी मुलाच्या तापाचं बोलले होते. नंतर आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "तो झोपला होता ना?" बस, एवढंच.

पहिले चार महिने मला ही माणसं कोरडी वाटत होती. दार वाजवत नाहीत, 'जेवलीस का' विचारत नाहीत. त्या दिवसापासून मी असं म्हणत नाही. दार न वाजवणं हीच त्यांची काळजी घ्यायची पद्धत आहे, हे मला कळायला एक बर्फाचा दिवस लागला.

तुमच्यापैकी जे बाहेर राहतात किंवा राहून आले, त्यांना कुठल्या रोजच्या गोष्टी अडल्या, कुठल्या उलगडल्या? सविस्तर लिहा.

---

सक्करदरा

वाचताना डोळे भरून आले. एक शंका, रविवारी सगळं बंद तर दूध संपलं की काय करता?

---

खामल्याची

मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, बेकऱ्या सकाळचे काही तास. पण शनिवारी संध्याकाळी फ्रिज उघडून पाहायची सवय लागते. आणि खरं सांगू, रविवार आता मला आवडतो. नवरा, मुलगा, मी, तिघंही घरात किंवा जंगलात पायी. बाजारात जायचं राहिलं ही रुखरुखच नाही.

---

नंदनवनचे काका

बाई, तुझं लेखन चांगलं आहे आणि त्या आजीबाईला माझा नमस्कार सांग. पण शेवटचं मला पटलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

पोराला ३९.६ ताप, नवरा गावाला, तू एकटी रात्रभर जागी. आमच्या गल्लीत असं झालं असतं तर शेजारची बाई बेल न वाजवता आत आली असती, तुला उठवून झोपायला पाठवलं असतं आणि स्वतः पोराच्या उशाशी बसली असती. दुसरीने खिमटी आणली असती. माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही, दोन्ही वेळचा डबा कोणाकडून आला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कोणी विचारलं नाही, "येऊ का?" मी विचारू दिलं नसतं. त्या वेळी मी 'नको'च म्हटलं असतं, आणि माझ्या 'नको'ला कोणी मान दिला असता तर मी आज इथे लिहायला नसतो.

फूटपाथ साफ झाला हे मोठंच काम आहे. पण रात्रभर तू एकटी होतीस, हे तुझ्याच लिहिण्यात आहे.

---

हानोफरवासी

मूळचा गोकुळपेठचा, नऊ वर्षांपासून हानोफरला. दोन गोष्टी.

केअरवोखे ही नैऋत्येकडची रीत आहे. आमच्याकडे उत्तरेत जिना झाडायला कंपनी येते आणि तिचे पैसे भाड्यासोबतच्या वरखर्चात लागतात. त्यामुळे 'जर्मनीत असं असतं' म्हणताना जपून. नागपूर आणि कोल्हापूर एक नाही, तसंच.

दुसरं, काका, तुमचं अगदी खरं आहे. पहिली दोन वर्षं माझ्या दाराची बेल फक्त पार्सलवाल्याने वाजवली. मग कोणीतरी सांगितलं, इथे माणसं घरात भेटत नाहीत, 'फेराइन'मध्ये भेटतात. म्हणजे मंडळ म्हणा. पोहण्याचं, गाण्याचं, बागेचं, कशाचंही. मी टेबल टेनिसच्या मंडळात नाव घातलं. दर मंगळवारी संध्याकाळी सात. वर्षभर सगळ्यांशी 'झी', म्हणजे 'तुम्ही'. मग एका मंगळवारी गटातल्या सगळ्यात वयस्क गृहस्थांनी हात पुढे केला आणि आपलं पहिलं नाव सांगितलं. आता 'तू' म्हणायचं. मोठ्याने आधी म्हणायचं, लहानाने नाही. आपल्याला तू-तुम्ही जन्मापासून येतं, त्यामुळे त्या क्षणाचं वजन मला बरोबर कळलं. मागच्या वर्षी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मंडळातले पाच जण भेटीची वेळ आपसात वाटून घेऊन दवाखान्यात आले. वेळ वाटून, हो. पण पाचही दिवस कोणी ना कोणी होतं.

वाढदिवसाचा फरक तर विसरणंच शक्य नाही. तिकडे आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. माझा वाढदिवस जुलैत. नागपुरात रात्रीचे बारा वाजले की आई फोन करते, तेव्हा उन्हाळ्याच्या घड्याळाने आमच्याकडे आदल्या दिवशीचे साडेआठ असतात. एका वर्षी ऑफिसमधली मैत्रीण जेवायला आली होती. आईचा फोन स्पीकरवर, "शतायुषी हो रे बाळा." अर्थ सांगितला तर त्या मुलीचा चेहरा पडला. पुढे आठवडाभर ती मला रोज विचारत होती, सगळं ठीक आहे ना?

---

धरमपेठची आजी

मी लेकीकडे म्युन्स्टरला ९० दिवस राहून आले, एप्रिल ते जुलै. व्हिसा तेवढाच मिळतो. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मला दोन गोष्टींनी झोप लागू दिली नाही. पहिली, शांतता. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय डोळा लागत नाही. त्या आवाजाची पन्नास वर्षांची सवय. तिकडे रात्री दहानंतर काही म्हणजे काही ऐकू येत नाही, स्वतःचा श्वास ऐकू येतो. जावयाने फोनवर पंख्याचा आवाज लावून दिला, तेव्हा झोपले.

दुसरी गोष्ट उजेड. जूनमध्ये पावणेदहा वाजून गेले तरी सूर्य वर. मी संध्याकाळचा दिवा कधी लावू? पहिले काही दिवस अंधार पडायची वाट पाहत बसले. नात झोपून जायची, शुभंकरोती म्हणायला मी एकटी. मग मनाशी ठरवलं, सात म्हणजे सात. बाहेर लख्ख ऊन, पोरं सायकली फिरवताहेत आणि मी देवापुढे समई लावते आहे. नात शेजारी हात जोडून. एकदा समोरच्या घरातली मुलगी खिडकीतून पाहत होती. दुसऱ्या दिवशी सात वाजता ती आपल्या आईचं बोट धरून खाली येऊन उभी राहिली, वर पाहत. लेक म्हणाली, बोलाव वर. बोलावलं. तिघी-चौघी जणी समईसमोर उभ्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण गप्प उभं राहायचं ते कळलं होतं.

आणि दवाखान्यात बाहेर बसायच्या खोलीत शिरताना प्रत्येक जण बसलेल्या सगळ्यांना नमस्कार घालतो, जाताना निरोप घेतो. ओळख ना पाळख. मला फार आवडलं ते. परत आल्यावर इथल्या दवाखान्यात मी तसं केलं, लोकांनी वर पाहिलं आणि दोघांनी नमस्कार केलाही.

---

ऑक्टोबरात_निघालो

सर्वांना नमस्कार. मी ऑक्टोबरमध्ये एमएस करायला चाललो आहे, पहिल्यांदाच घराबाहेर. काय न्यावं आणि काय विसरू नये?

---

खामल्याची

कुकर ने, आणि त्याची रिंग व शिट्टी दोन-दोन जास्तीची ने. पोहे, डाळी, हळद तिथे मिळतात, पण घरचं तिखट आणि गोडा मसाला आईकडून घे. घर मिळालं की दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्याच दिवशी पत्रपेटीवर नाव लाव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेपासून विम्यापर्यंत सगळं अजून पत्रानेच येतं. थंडीत रोज सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि सोडताना त्याचे पैसे कापतात. तर्रीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घे, बाहेरच्या बोळात धुराचा अलार्म असतो.

---

हानोफरवासी

आणि आईला सांग, वाढदिवसाचा फोन तिकडच्या बारा वाजता कर. नागपुरात तेव्हा पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार असतील. ती करेलच.

---

खामल्याची

काका, तुम्ही लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. त्या रात्री मी एकटी होते, हे खरं आहे. मी ते लिहिताना पटकन ओलांडून गेले होते. मुलाच्या कण्हण्याचा आवाज आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच होतं. आईला फोन लावावा असं दहादा वाटलं, नागपुरात पहाट झाली होती, पण ती काळजीत पडेल म्हणून लावला नाही. म्हणजे मीही तेच करायला लागले होते, दार न वाजवणं. याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

परवा तान्हा पोळा झाला, त्याचं सांगते. बाहेरगावच्यांसाठी: आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो, भोसल्यांच्या काळापासून. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे, खाऊ. त्याच दिवशी महालाकडे काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, "घेऊन जा गे मारबत" ओरडत सगळी पीडा गावाबाहेर.

बाबांनी इतवारीतून वीतभर उंचीचा बैल आणला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल माझ्या जुन्या ब्लाउजपिसाची. मुलाने दोरी धरली आणि आम्ही गल्लीत निघालो. पहिलंच घर समोरच्या काकूंचं, फाटक उघडं. तो फाटकाशी थांबला. मला म्हणाला, "आई, त्यांना माहीत आहे का आपण येणार ते?" मी म्हटलं, नाही. "मग आपण आत कसं जायचं?"

मला बोलताच येईना. तेवढ्यात काकूंनीच पाहिलं. ओल्या हाताने बाहेर आल्या, "अरे आला का माझा राजा," म्हणून बैलासकट त्याला उचललं आणि आत नेलं. बैलाला ओवाळलं, त्याला कुंकू, करंजी, हातात पन्नास रुपये. बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते. दुसऱ्या घरी तो फाटकाशी थांबला नाही. सातव्या घरी माझ्या पुढे पळत होता.

रात्री झोपताना म्हणाला, हे आमच्या मार्टिनसारखं आहे. ११ नोव्हेंबरला तिकडे सेंट मार्टिनचा दिवस असतो, मुलं स्वतः केलेले कागदी आकाशदिवे काठीला लावून अंधारात गाणी म्हणत फिरतात. मागच्या वर्षी त्याने निळा दिवा केला होता. खालच्या आजींच्या खिडकीखाली त्याने आणि त्याच्या वर्गमित्रांनी गाणं म्हटलं होतं, आणि आजींनी खिडकी उघडून सगळ्यांना संत्री दिली होती. यंदा तो बैल त्यांना दाखवायला न्यायचा आहे. आधी विचारून, असं त्यानेच सांगितलं.

---

नंदनवनचे काका

आमच्या घरी तो बैल आला नाही अजून. पत्ता व्यक्तिगत संदेशात टाकतो. फाटक दिवसभर उघडं असते. बोजारा काढून ठेवला आहे. फोन करायची काही गरज नाही.

---

खामल्याची

येतो, काका. कधी ते सांगत नाही.